टाकीवरचं घुबड आणि माझं व्हाउचर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'निसर्गातली अन्नसाखळी'. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मला जिन्यातच विचारलं, "काका, तुम्ही तर बँकेतले. तुमचा आणि अन्नसाखळीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की रोह्यात राहणाऱ्या बँकेच्या माणसाला हे शोभतं. ज्यांचं बालपण रोह्यात गेलं ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवून १९१७ मध्ये पदवीधर झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माझी पदवी कॉमर्सची, त्यामुळे तुलना इथेच थांबवतो.

खरं कारण वेगळं आहे. ती एक कबुली आहे. कमिटीच्या जुन्या मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगतो.

२०१९ साली मी सोसायटीचा खजिनदार होतो. त्या वर्षी पार्किंगमध्ये उंदरांनी उच्छाद मांडला होता. दोन स्कूटरच्या वायरी कुरतडल्या, एका गाडीचं वायरिंग बदलावं लागलं, तळमजल्यावर तर डाळीच्या पिशव्या फोडल्या. सभेत आरडाओरडा झाला. ठराव झाला की औषध घालायचं. बाजारातून निळ्या-हिरव्या रंगाच्या गोळ्यांची खोकी आणली, ८४० रुपयांचं व्हाउचर झालं आणि त्यावर सही माझी. सगळीकडे गोळ्या टाकल्या. पंधरा दिवसांत उंदीर दिसेनासे झाले. कमिटीचं कौतुक झालं, माझंही झालं.

आता त्याच्या आधीची गोष्ट. बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जी पोकळी आहे, तिथे गव्हाणी घुबडाची जोडी राहायची. पांढरं, बदामासारख्या तोंडाचं. रात्री वरून घोरल्यासारखा आवाज यायचा. एका घरात तर यावरून नवऱ्याला कित्येक दिवस बोलणी खावी लागली. तो आवाज घुबडाच्या पिल्लांचा होता. भूक लागली की ती तशी फुसफुसतात. घुबड अशुभ म्हणून ते हाकलावं अशी सूचनाही कोणीतरी केली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, लक्ष्मीचं वाहन आहे, खजिनदार असेपर्यंत राहू दे.

गोळ्या टाकल्यावर तिसऱ्या आठवड्यात वॉचमनने सकाळी बेल वाजवली. "साहेब, टाकीपाशी घुबड पडलंय. मेलंय बहुतेक." चोचीपाशी थोडं रक्त होतं, अंगावर जखम कुठे नव्हती. पुढच्या तीन-चार रात्रींत वरचा घोरण्याचा आवाज कमी कमी होत गेला आणि मग बंदच पडला. आम्ही काही तपासणी वगैरे केली नाही. त्यामुळे ते गोळीनेच मेलं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्यानंतर मी जे वाचलं, त्यावरून मला स्वतःला शंका उरलेली नाही.

आणि उंदीर? पावसाळा सरायच्या आत परत आले, पहिल्यापेक्षा जास्त.

आता हे असं का झालं ते सांगतो. आपल्या सोसायटीत राहणाऱ्या जीवशास्त्राच्या बाईंनी मला हे शिकवलं. मला ते हिशेबाच्या भाषेत बसवल्याशिवाय कळेना, म्हणून तुम्हालाही तसंच सांगणार.

वरशातली ही जमीन पंचवीस वर्षांपूर्वी भाताचं खाचर होती. मागच्या कुंपणापलीकडे अजून दोन-तीन खाचरं शिल्लक आहेत. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस पडला की तिथे काय चालायचं ते जुन्या लोकांनी पाहिलंय. रात्री बेडकांचं डराव डराव, बांधाच्या बिळांतून बाहेर आलेले मुठे, ओहोळातून वर शेतात चढणारे वलगणीचे मासे, त्यांच्यावर टपलेले बगळे आणि बॅटऱ्या घेऊन निघालेली आपल्यासारखी माणसं. हा सगळा बाजार चालतो कशावर? उन्हावर. भाताचं पान ऊन घेतं आणि त्यातून साखर बनवतं. पडणाऱ्या उन्हातला शंभरातला जेमतेम एखादा भाग त्याला साठवता येतो. पण तेवढीच काय ती सगळ्यांची मूळ जमा. बाकी आपण सगळे, बेडकापासून बँक मॅनेजरपर्यंत, त्या जमेतून काढून खाणारे.

समजा भाताने हजार रुपये कमावले. ते टोळाने खाल्ले, तर टोळाच्या अंगात उरतात शंभर. टोळ बेडकाने खाल्ले, बेडकाच्या अंगात दहा. बेडूक धामणीने खाल्ला, एक रुपया. धामण सर्पगरुडाने उचलली, दहा पैसे. दर पायरीला अंदाजे एकदशांश पुढे जातं. हा ठोकताळा आहे, कुठे पाच टक्के, कुठे वीस. बाकीचे नव्वद टक्के कुठे गेले, असा ऑडिटर विचारील. तर ते चोरीला गेलेले नाहीत, खर्ची पडलेले आहेत. श्वास घेणं, पळणं, अंग गरम ठेवणं, अंडी घालणं, हा सगळा चालू खर्च. तो उष्णता होऊन हवेत जातो. शिवाय काही भाग खाल्लाच जात नाही, काही विष्ठेतून पडतो, तो गांडुळं, वाळवी आणि बुरशी यांच्या खात्यात जमा होतो.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला रेमंड लिंडमन नावाच्या अमेरिकन तरुणाने. मिनेसोटातल्या एका लहानशा दलदलीच्या तळ्यात कोण कोणाला खातं आणि त्यात किती ऊर्जा पुढे जाते, हे त्याने काही वर्षं मोजलं. त्याचा निबंध आधी परत आला होता, नंतर स्वीकारला गेला. १९४२ मध्ये तो छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी गेला. मला हे वाचून फार वाटलं. आपल्याकडे अर्ज परत आला की माणूस पुन्हा भरत नाही.

या हिशेबातून एक गोष्ट सरळ कळते. खाचरात टोळ असंख्य, बेडूक शेकड्यांनी, धामण एखादी आणि सर्पगरुड दहा शेतं मिळून एखादाच असतो. वरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत शिल्लकच इतकी कमी होते, की तिथे जास्त जणांना पोट भरता येत नाही. आपलं टाकीवरचं घुबड असंच वरच्या पायरीवरचं. त्यात ते उष्ण रक्ताचं, अंग गरम ठेवायचा खर्च मोठा, म्हणून रात्रीला तीन-चार उंदीर तरी लागतात. पिल्लं असली तर आणखी. धामणीचं तसं नाही. तिला अंग गरम ठेवायचं नसतं, एकदा जेवली की काही दिवस निवांत. दोघांची गिऱ्हाइकी एकाच मालावर, पण एकाची शिफ्ट रात्रीची आणि दुसरीची दिवसाची. (धामण बिनविषारी असते, हे मी इथे पुन्हा एकदा सांगून ठेवतो. मागच्या गटारापाशी दिसली की काठ्या घेऊन धावणाऱ्यांसाठी.)

या साखळीत माणूसही होता. भाताची कापणी झाली की पूर्वी शेतकरी कातकरी मंडळींना बोलवायचे. ते बांधावरची बिळं खणून उंदीर काढायचे, आणि उंदरांनी आत नेऊन ठेवलेलं भातही काढायचे. उंदीर त्यांच्या जेवणात जायचे, भातही त्यांच्याच पदरात पडायचं. शेतकऱ्याचं काम फुकटात व्हायचं. याला आपण मागासलेपण म्हणत आलो. मला आता तो चोख व्यवहार वाटतो.

आणखी एक फरक सांगायला हवा, कारण मुलांची इथे गल्लत होते. ऊर्जा फिरत नाही. ती एका बाजूने येते, खर्च होते आणि जाते. उद्याचं ऊन उद्या पडलं पाहिजे. फिरतात ती द्रव्यं, म्हणजे नत्र, स्फुरद, चुना वगैरे. नोटांसारखी. आज माझ्या खिशात, उद्या भाजीवालीच्या बटव्यात. आपले शेतकरी पालापाचोळा, शेण, फांद्या शेतात पसरून राब भाजतात आणि त्यावर रोपं घालतात, तेव्हा डोंगरावरच्या झाडांनी जमवलेल्या या नोटा ते खाचराच्या खात्यावर वळती करत असतात.

आता विषाकडे येतो. ऊर्जा दर पायरीला कमी होते, पण काही विषांचं उलटं असतं. मी शाखेत असताना पीककर्जात कीटकनाशकाचा एक भाग असायचा. भातावर धुरळायला बीएचसीची पावडर सर्रास जायची. अशी कित्येक प्रकरणं मी मंजूर केली आहेत. ती पावडर लवकर मोडत नाही, अंगातल्या चरबीत जाऊन बसते. टोळाने खाल्लेलं अन्न खर्च होतं, पण पावडर तशीच राहते. बेडूक शंभर टोळ खातो, म्हणजे शंभर टोळांची पावडर त्याच्याकडे जमा. धामण बेडकांची घेते, गरुड धामणींची. अन्नाला दर पायरीला नव्वद टक्के तोटा आणि विषाला चक्रवाढ व्याज. आपल्या देशात शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली. तोवर मी बढत्या घेऊन पुढच्या शाखेत पोहोचलो होतो.

आपल्या ८४० रुपयांच्या गोळ्या त्याहून वेगळ्या जातीच्या. त्यात ब्रोमॅडिओलोन नावाचं द्रव्य होतं. ते रक्त गोठू देत नाही. इथे बसलेल्या आमच्या वयाच्या काहींना हृदयासाठी वॉरफेरिनची गोळी चालू असेल. ती त्याच कुटुंबातली. वॉरफेरिन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदराचं औषध म्हणून, माणसांना ते नंतर देऊ लागले. म्हणजे डोस मोजलेला असेल तर औषध. उंदरांना आपण मोजून दिलं नव्हतं. शिवाय ही नवी द्रव्यं वॉरफेरिनपेक्षा पुष्कळ तीव्र आणि यकृतात बराच काळ टिकणारी. गोळी खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस लागतात. या दिवसांत तो सुस्त होतो, उघड्यावर येतो, भिंतीकडेने रेंगाळतो. रात्री शिकारीला निघालेल्या घुबडाला असा उंदीर म्हणजे आयतं ताट. घुबड तो यकृतासकट अख्खा गिळतं. एक, दोन, तीन. आणि पिल्लांना भरवतं.

उंदीर परत का आले, त्याचंही उत्तर यातच आहे. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका खेपेला सहा-आठ पिल्लं, ती दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजेला लागतात. चार-पाच वाचले तरी खातं पुन्हा भरतं. घुबडाचं खातं असं भरत नाही. खालची पायरी लवकर सावरते, वरची सावरत नाही. आपण दोन्ही एकाच खर्चात साफ केल्या आणि मग खालच्याला मोकळं रान मिळालं.

हेच मोठ्या प्रमाणात झालं ते गिधाडांचं. माझं लहानपण माणगाव तालुक्यात गेलं, तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची एक जागा होती. शाळेला जाताना नाक दाबून आम्ही तिथून पळायचो, पण परत येताना थांबून बघायचो. सकाळी टाकलेला बैल संध्याकाळी नुसता सांगाडा. चाळीस-पन्नास गिधाडं एकमेकांच्या अंगावर चढून जेवायची. त्या खात्याला शिल्लकच ठेवायची नाही अशी त्यांची शिस्त. मी नोकरीत असतानाच, १९९० नंतर कधीतरी, ती दिसायची बंद झाली. कधी ते माझ्या लक्षातही आलं नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

कारण कळलं २००४ मध्ये, पाकिस्तानात केलेल्या तपासात. गुरांना सूज-दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. ज्या गुराला मरण्याआधी हे इंजेक्शन दिलेलं असतं, त्याचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. हे औषध बीएचसीसारखं साठत जात नाही. पण गिधाडं एकाच पंगतीला पन्नास बसतात, त्यामुळे शंभर मेलेल्या गुरांत औषधाचं एखादंही पुरे होतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, तेही वयाला चार-पाच वर्षं झाल्यावर. जमा इतकी सावकाश आणि खर्च असा एकदम. सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून तीन मिलिलिटरची मर्यादा घातली.

मी कोणाला दोष देत नाही. ते इंजेक्शन स्वस्त होतं आणि लंगडणारा बैल त्याने काही तासांत उभा राहायचा. लावणीच्या दिवसांत बैल बसला तर शेतकरी काय करेल? माझा बैल असता तर मीही दिलं असतं.

पण गिधाडांनी सोडलेलं जेवण तसंच पडून राहिलं नाही. ते कुत्र्यांनी खाल्लं. कुत्री वाढली, पाणवठे नासले. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे गिधाडं भरपूर होती आणि जिथे नव्हती अशा जिल्ह्यांची तुलना करून अंदाज काढला की २००० ते २००५ या काळात यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जादा मेली. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. टाकीवरचं घुबड डोळ्यांसमोर येत राहिलं.

आपल्या जिल्ह्यात गिधाडं अगदी संपलेली नाहीत. म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात त्यांची घरटी आहेत. महाडची सिस्केप संस्था वन विभागाला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे पुष्कळ वर्षं काम करते आहे. मेलेली गुरं गिधाडांसाठी ठरलेल्या जागी नेऊन ठेवली जातात. म्हणजे माझ्या लहानपणी जे आपोआप व्हायचं, त्यासाठी आता ट्रॅक्टर, डिझेल आणि माणसं लागतात. आपल्या सोसायटीची पुढची सहल वॉटरपार्कऐवजी तिकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे. मुलांनी आत्ताच नाक मुरडलेलं मला दिसलं.

आता कामाचं बोलतो. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर क्रमांक ७ ला दोन प्रस्ताव आहेत. एक, मागच्या पट्टीवर काँक्रीट टाकून चार गाड्यांची जागा करणं. दुसरा, उंदीर-घुशींसाठी वर्षभराचं औषधाचं कंत्राट देणं. पार्किंगची अडचण मला माहीत आहे, माझ्या मुलाची गाडीही रस्त्यावर उभी असते. त्यामुळे काँक्रीटबद्दल मी एवढंच म्हणेन की उंबराभोवतीचा दोन गाड्यांएवढा भाग मातीचा राहू द्या, पाणी मुरेल आणि बेडकांना जागा राहील. कंत्राटाला मात्र माझा विरोध आहे. त्याऐवजी गटाराच्या तोंडांना आणि पाइपांना जाळ्या, ओल्या कचऱ्याला झाकणाचे डबे, पार्किंगमध्ये सहा पिंजरे आणि ते रोज बघायला वॉचमनला महिन्याला वेगळे पैसे. मी हिशेब केला आहे. पहिल्या वर्षी हे कंत्राटापेक्षा थोडं महाग पडतं, दुसऱ्या वर्षापासून स्वस्त. कागद सेक्रेटरींकडे दिलेला आहे. सगळ्यांनी तो वाचून यावं, आणि मत माझ्या विरोधात असेल तरी सभेला यावं. मागच्या वेळी गोळ्यांचा ठराव झाला तेव्हा आपण फक्त अकराजण हजर होतो.

आणखी एकच गोष्ट. परवा गच्चीवर गेलो होतो, तर टाकीपाशी काळपट, अंगठ्याएवढा एक गोळा पडलेला मिळाला. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस असा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं. पूर्वी अशा गोळ्यांना मी घाण समजून झाडायला लावायचो. हा ताजा आहे. म्हणजे कोणीतरी पुन्हा येऊन बसू लागलं आहे. तो मी एका डब्यात ठेवला आहे. ज्या मुलांना बघायचंय त्यांनी रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे यावं. बाई येणार आहेत. कोमट पाण्यात भिजवून उघडू. येताना जुना टूथब्रश आणा.

(त्या रविवारी चौदा मुलं आली. गोळ्यातून दोन उंदरांच्या आणि एका चिचुंद्रीच्या कवट्या निघाल्या. त्या क्लब हाऊसच्या कपाटात ठेवल्या आहेत.)